मॉरिशस: अडीचशे वर्षांचे कायदे आणि दोन टक्के जंगल

सड्यावरचा (धागाकर्ता)

डोडोची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. डच आले, त्यांनी पक्षी खाल्ला, पक्षी संपला. खलाशांच्या पातेल्यापेक्षा त्याला जास्त भोवले ते जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं. उडता न येणारा, जमिनीवर अंडं घालणारा पक्षी, त्याच्या किती पिढ्यांनी शत्रू पाहिलेलाच नव्हता. १५९८ मध्ये डच बेटावर उतरले, आणि डोडो दिसल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची आहे.

यावर नेहमीचं उत्तर येतं की तेव्हा कायदे नव्हते, म्हणून असं झालं. माझा वाद या उत्तराशी आहे. मॉरिशसमध्ये कायदा फार लवकर आला. फ्रेंच अमदानीत, १७६९ साली, तिथला कारभारी पिएर प्वाव्र याने नियम काढला की जमीन मिळालेल्या प्रत्येकाने तिचा चौथा हिस्सा झाडांखाली ठेवायचा, तोही शक्यतो डोंगरउतारावर. झाडं तोडली की पाऊस आटतो, ही धास्ती त्यामागे होती. अमेरिकेतलं यलोस्टोन, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, राखीव झालं ते याच्या शंभर वर्षं नंतर.

आणि आज उरलं काय? चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहून कमी. मधल्या काळात ऊस आला. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात काढली आणि जंगलाचं काही खरं राहिलं नाही. (आपल्याकडची जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायची, ती इथलीच.) नदीकाठचे पट्टे आणि डोंगरांचे माथे पुढे राखीव झाले, कारण उसाला पाणी लागतं. बाकी सपाटी फडाखाली गेली. बरं, हे फक्त गोऱ्यांनी केलं असंही नाही. देश १९६८ ला स्वतंत्र झाला आणि सत्तरच्या दशकात ले मार इथल्या पठारावरची मूळ झाडी साफ करून पाइन लावला.

तर माझं म्हणणं असं: तिथल्या कायद्याने पाणी सांभाळलं, ऊस सांभाळला, हॉटेलांना लागणारा किनारा सांभाळला. जीव सांभाळले ते काही हट्टी माणसांनी. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रल या छोट्या ससाण्याचे मोजून चार पक्षी जंगलात उरले होते. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा तरुण वेल्श माणूस तिथे गेला. घरट्यातली पहिली अंडी उचलून उबवणीयंत्रात ठेवायची म्हणजे मादी दुसऱ्यांदा घालते, अशा युक्त्या करून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ती जात शेकड्यांत नेली. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास होतं, तेही वाचलं. कोणत्या कलमाने हे केलं, मला दाखवा.

आणि कलमांनी काय केलं तेही सांगतो. २०१५ मध्ये जैवविविधता रक्षणाचा नवा कायदा झाला, त्यात संरक्षित प्राणीसुद्धा मारण्याची वाट करून ठेवली, आणि त्याच वर्षी सरकारने सुमारे ३० हजार वटवाघळं गोळ्या घालून मारली. लिची खातात म्हणून.

वसुधा

काका, मांडणी झकास आहे, पण तुम्ही घर पडल्याचा दोष पायाला देताय.

कार्ल जोन्सने पक्षी वाढवले, मान्य. सोडले कुठे? ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या घळींत. तिथलं जंगल उरलं कारण ते राखीव होतं, आणि १९९४ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, साडेसहा हजार हेक्टरांहून मोठं. राखीव जागाच नसती तर ते पक्षी आज पिंजऱ्यात असते.

दुसरं, किनाऱ्याबद्दल इतकं तुच्छतेनं बोलू नका. फ्रेंच काळापासून समुद्रालगतचा सुमारे ८१ मीटरचा पट्टा सरकारी आहे. मूळ हेतू लष्करी होता, तोफा बसवायला जागा हवी म्हणून. पण त्या पट्ट्यामुळे आज मॉरिशसचा किनारा कोणाच्या बापाचा नाही. हॉटेलांना भाड्याने दिलाय, हो, भरपूर दिलाय. तरी जमीन मालकीने विकता येत नाही. गोव्यात जाऊन बघा आणि मग सांगा कायदा नसलेला किनारा कसा दिसतो. सॉरी, कायदा असून न पाळलेला.

खाजणातली (किनारा आणि प्रवाळाच्या कड्यामधल्या उथळ पाण्यातली) वाळू उपसणं २००१ मध्ये बंद केलं. शेकडो लोकांचा धंदा होता तो. प्लास्टिक पिशव्या २०१६ पासून बंद. हे सगळं 'हट्टी माणसांनी' केलं का?

हापूसवाला

वटवाघळांवरून एवढा उमाळा आलाय, तर एक बागाईतदार म्हणून बोलतो.

आमच्याकडे रत्नागिरीत माकडांनी आणि वानरांनी काय मांडलंय ते शहरात बसून कळत नाही. मोहोर, कैरी, नारळ, केळी, काही सोडत नाहीत. वनखात्याचा पंचनामा आणि भरपाई यात वर्ष जातं. हाकलायचं म्हटलं तर कायदा आडवा. मॉरिशसच्या सरकारने निदान शेतकऱ्याचं ऐकलं, मला त्यात राक्षसीपणा दिसत नाही. फळखाऊ वटवाघूळ म्हणजे काही वाघ नव्हे. आपल्याच १९७२ च्या कायद्यात ती उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी म्हणून होती, २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत.

अनुस्वार

हापूसशेठ, रागावू नका, पण हिशेब लावूया.

मॉरिशसचं ते वटवाघूळ फक्त त्या बेटांच्या टापूत आहे, जगात दुसरीकडे नाही. तुमची माकडं कोकणभर आहेत. पूर्वी तिथे वटवाघळाची आणखी एक छोटी जात होती, ती एकोणिसाव्या शतकातच संपली. डोडो गेला, मोठी कासवं गेली, बरेच पोपट गेले. मोठ्या बियांची फळं खाऊन त्या लांब नेऊन टाकणारं कोण उरलं? हेच. म्हणजे दोन टक्के जंगलाचा माळी तुम्ही गोळीने उडवताय.

बरं, त्याने लिची वाढली का? २०१५ ला मारली, २०१६ ला पुन्हा काही हजार मारली, २०१८ मध्ये परत मोहीम. बागायतदारांचं उत्पन्न त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. आणि २०१८ मध्येच आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने) ती जात 'असुरक्षित' वरून 'संकटग्रस्त' यादीत नेली. पीक कच्चंच गळतं, वाऱ्याने पडतं, पक्षी खातात. रात्री फडफडाट ऐकू येतो म्हणून सगळं बिल वटवाघळाच्या नावावर.

उपाय जाळीचा आहे. झाड छाटून बुटकं ठेवायचं, वर जाळी.

हापूसवाला

जाळी! चाळीस फुटी झाडावर जाळी घालायला तुम्ही येणार का शिडी घेऊन?

माझ्या आजोबांनी लावलेली कलमं छाटून बुटकी करा हे सांगायला काय जातंय. आणि जाळीत साप अडकतात, पक्षी अडकून मरतात, मग त्यावर तुमचाच दुसरा धागा येईल.

मोरिसची सून

लग्न होऊन बरीच वर्षं मी इथे मॉरिशसमध्ये आहे, म्हणून थोडं लिहिते.

लिचीचं भांडण मोठ्या बागांचं आहे असं वाटत असेल तर तसं नाही. इथे घरोघरी अंगणात लिचीचं एखादं उंच जुनं झाड असतं. नाताळच्या सुमारास फळ धरतं, नातलगांना वाटलं जातं, चार पैसे येतात. त्या एका झाडावर रात्री वटवाघळं उतरली की घरातली म्हातारी माणसं चिडतात, आणि ही सगळी माणसं मतदार आहेत. २०१५ चा निर्णय शास्त्राचा नव्हताच, मतांचा होता. अनुस्वार यांचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या माणसाला सांगताहेत.

मला खटकतंय ते वेगळंच. तुम्ही सगळे 'माणसाने जंगल तोडलं' म्हणताय. कोणत्या माणसाने? आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांकडून तोडून घेतलं. गुलामी संपली तेव्हा, १८३४ पासून, करारावर हिंदुस्थानातून माणसं आणली. माझ्या सासरची माणसं त्यातलीच, रत्नागिरीकडची. उसाच्या फडांत अजून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ती जमीन ज्वालामुखीच्या दगडांची, ते दगड उचलून फड मोकळे केले ते कोणाच्या हातांनी, ते पर्यटकांना कोणी सांगत नाही. जंगल म्हणजे पळालेल्या गुलामांची लपायची जागा होती, ले मोर्नचा डोंगर त्यासाठीच जागतिक वारसा यादीत आहे. प्वाव्रच्या १७६९ च्या नियमात झाडांना जागा होती, माणसांना नव्हती.

आता जंगलात शिरलेला चिनी पेरू बघा. वनस्पतीवाल्यांचा तो शत्रू क्रमांक एक, मूळ रोपांना वर येऊच देत नाही. आणि आम्ही? हंगामात डबे घेऊन सहकुटुंब तोडायला जातो, तिखट-मीठ लावून खातो. उद्या हा पेरू उपटायचा कायदा केलात तर पहिला मोर्चा आमच्या गल्लीतून निघेल. इथल्या गंगा तलाव या तीर्थावर माकडांना प्रसाद घालणारेही आपलेच, आणि तीच माकडं शेजारच्या रानात गुलाबी कबुतराची अंडी खातात. महाशिवरात्रीला हे बोलून बघा!

सड्यावरचा

सूनबाई, दगडांच्या ढिगांचं लिहिलंत ते फार आवडलं.

पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. मळेवाल्यांना आजही सरकारी डोंगरजमिनी हरणांच्या शिकारीसाठी भाडेपट्ट्याने मिळतात. हरीण जावाहून डचांनी आणलेलं, मूळ रोपं तेही खातं. ते कायद्याने चालतं. अंगणातल्या झाडावरचं वटवाघूळ मारायलाही कायदा. दोन्हीकडे रानाचंच नुकसान, फक्त फायदा घेणारे वेगळे.

खलाशी

वाकाशिओचं कोणीच बोललं नाही? २५ जुलै २०२०, पॉइंट देस्नीजवळ प्रवाळाच्या कड्यावर चढलेलं जपानी मालकीचं जहाज, झेंडा पनामाचा, कप्तान भारतीय. बारा दिवस ते तसंच पडून होतं. मग टाकी फुटली आणि हजारेक टन तेल खाजणात गेलं, शेजारी ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान असताना.

लोकांनी काय केलं? उसाच्या पाचटाने कापडी नळ्या भरल्या, केस कापून दिले, रातोरात तरंगते बांध शिवले. सरकार सांगत होतं, दूर राहा, हे आमचं काम आहे. लोक ऐकले नाहीत. मी जहाजावर आयुष्य काढलंय, तेल पकडायला पाचट चालतं हे मला तिथे कळलं.

कप्तानाला वीस महिन्यांची शिक्षा झाली. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं होतं. कायदा देशाचा कितीही कडक असो, खोल समुद्रातून जाणारं प्रत्येक जहाज त्याच्या बाहेरचं. यावर वसुधाताई काय म्हणतात?

वसुधा

म्हणते की मग आंतरराष्ट्रीय कायदा कडक हवा, कायदाच नको असं नव्हे. भरपाईला कमाल मर्यादा असते, ती अशा छोट्या देशाला परवडत नाही. भांडा ना त्यासाठी.

आणि काकांनी मागितलेलं उदाहरण देते. मॉरिशसच्याच हद्दीतलं रॉड्रिग्ज बेट, स्वतःची विधानसभा असलेलं. तिथे ऑक्टोपस पकडायचा पिढीजात धंदा, बराचसा बायकांचा. ओहोटीला खाजणात उतरायचं आणि भाल्याने टिपायचा. पकड घटत गेली, जनावर लहान मिळायला लागलं. २०१२ पासून दर वर्षी सुमारे दोन महिने पकडबंदी. त्या काळात मच्छीमारांना किनारा साफ करणं वगैरे दुसरं काम आणि त्याची मजुरी. बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी मिळणारं ऑक्टोपस वजनाला भारी असतं. हे कलमानेच केलं ना?

हापूसवाला

बघा. मजुरी दिली. माझं म्हणणं पहिल्यापासून तेवढंच आहे.

अनुस्वार

पहिल्यापासून तुम्ही बंदूक म्हणत होता. पण असो. मॉरिशसमध्ये जाळीला सरकारी अनुदान आहे, तुमच्या मजुरीचा हा तिथला अवतार. घ्यायला लोक कमी, कारण सूनबाईंनी सांगितलं तसं झाड उंच आणि मालक म्हातारा.

सड्यावरचा

ऑक्टोपस दोन महिन्यांत वजन धरतो, पुन्हा भाव येतो, म्हणून बंदी टिकली. आबनूस (एबनी, काळ्या लाकडाचं झाड) शंभर वर्षांत हातभर जाड होत नाही. डचांनी तोडलेला अजून परत आलेला नाही. त्याची मजुरी कोणाला देणार आणि किती वर्षं, ते सांगा वसुधाताई.

वसुधा

इल ओ एग्रेत. खाजणातलं छोटं बेट, अवघं २६ हेक्टर, राखीव. तिथे आबनुसाची रोपं लावताहेत, तण काढायला पगारी माणसं आहेत, आणि गेलेल्या कासवांच्या जागी अल्डाब्रा बेटांवरची कासवं आणून सोडली आहेत, ती आबनुसाची फळं खाऊन बिया पसरतात. पगार पर्यटकांच्या तिकिटातून आणि देणग्यांतून निघतो. बेट सरकारी, चालवणारी संस्था खासगी, भाडेपट्टा कायद्याने केलेला. आता यातलं काय तुमचं आणि काय माझं, ते तुम्हीच वाटून घ्या.