मदत हवी आहे: डिस्ने वर्ल्डला आई-बाबांसोबत जाताना अ‍ॅनिमल किंगडम लॉज की कंटेम्पररी?

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जातोय. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि पुण्याहून येणारे आई-बाबा. गाडी भाड्याने घेणार नाही. हॉटेल डिस्नेचंच हवं, कारण पार्कात अर्धा तास आधी सोडतात.

माझं मन अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजवर जडलंय. बाल्कनीत चहा घेत समोर जिराफ आणि झेब्रे चरताना बघणं आई-बाबांना कुठल्याही राइडपेक्षा जास्त आवडेल. शिवाय तिथल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्या मिळतात. आई पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे तेही महत्त्वाचं. अडचण एकच, सगळीकडे बसनेच जायचं आणि मॅजिक किंगडम, म्हणजे डिस्ने वर्ल्डचं मुख्य पार्क, लांब.

कंटेम्पररी 1971 पासूनचं. मोनोरेल थेट इमारतीतून जाते, मॅजिक किंगडमला तर चालत जाता येतं. बाबांच्या गुडघ्यासाठी हेच सोयीचं, पण जंगलाची मजा तिथे नाही. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या डिस्नेच्याच हॉटेलचे फॅमिली सुइटही पाहिले. एक पलंग जेवणाच्या टेबलातून उघडतो, म्हणून ते बाद.

व्हिडिओ आणि नकाशे भरपूर बघून झाले, पण त्यात गर्दीचा अंदाज येत नाही. ज्येष्ठांना घेऊन किदानीत राहिलेल्यांनी कृपया सांगा: आतषबाजी संपल्यावर मॅजिक किंगडमहून परतताना रांगेसकट किती वेळ लागला, आणि बसमध्ये बसायला जागा मिळाली का? तिथले कॉरिडॉर लांबलचक आहेत, तर लिफ्टजवळची खोली आधी मागितली तर खरंच देतात का?