वर्गातल्या दंग्याच्या नोंदी नक्की कशा ठेवायच्या? (सातवी, अनुदानित शाळा, नाशिक)

सातवी_ब
नमस्कार मंडळी. सिडकोकडच्या एका अनुदानित शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे, पटावर 64 पोरं. त्यातल्या एकाने जूनपासून वर्ग डोक्यावर घेतलाय. कंपासपेटी आपटणं, तास चालू असताना शिट्टी, शेजारच्याची वही उडवणं आणि बोललं की उलट उत्तर. स्टाफरूममध्ये सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात पण लिहून कोणी देत नाही. मुख्याध्यापक म्हणतात तोंडी काही सांगू नका, लेखी नोंदी ठेवा मग पालकांना बोलावू. वडील आधीच एकदा येऊन "मॅडम, तुमचा माझ्याच पोरावर डोळा आहे" असं सुनावून गेलेत. तर नोंद म्हणजे लिहायचं काय, किती, कुठे, आणि उद्या तीच वही माझ्यावर उलटली तर? दिवाळीनंतर पालकसभा आहे, त्याआधी हातात काहीतरी हवंय.

टाचणवही
मॅडम, आधी विशेषणं काढून टाका. कोपऱ्यात कॅमेरा असता तर त्यात जे दिसलं, ऐकू आलं असतं तेवढंच लिहा. "उद्धट वागला" यावर बाप तासभर वाद घालेल, "कंपासपेटी 4 वेळा बाकावर आपटली" यावर काय घालणार? आपल्याला 2010 पासून सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींची सवय, त्यातही निम्मे जण तयार पीडीएफमधून उतरवतात, "इतरांना सहकार्य करतो" छाप, ती भाषा इथे कामाची नाही.

आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, मग काय झालं, एवढं तीन ओळीत बसवायचं. बीएडला एबीसी नोंद म्हणून पाठ केलेलं असेल. नमुना देतो:

"मंगळवार, चौथा तास, मराठी. धड्याचं पाळीने वाचन चालू. त्याच्या पुढच्या बाकावरचा मुलगा वाचायला उभा राहिला तेव्हा कंपासपेटी बाकावर 4 वेळा आपटली. थांब म्हटल्यावर म्हणाला, 'माझी नाहीच ती.' शेजाऱ्याची वही खाली पाडली. मी त्याला दाराजवळ उभं केलं, 10 मिनिटं. तिथे शांत."

तुम्ही काय केलंत ते पण लिहायचंच, लोक नेमकं तेच गाळतात. आणि त्याच दिवशी लिहा, आठवडाभराचं शनिवारी बसून लिहिलं की सगळ्या नोंदी सारख्या दिसतात.

मिसळ_पाव_खडू
सगळं बरोबर आहे सर पण वेळ कुठून आणायचा ते पण सांगा की. पोर्टल भरायचं शिक्षकाने, निवडणुकीचं काम शिक्षकाने, आता पंचनामा पण शिक्षकानेच लिहायचा. 64 पोरं समोर असताना मी फळ्याकडे पाठ केली तर मागे काय झालं तेच कळत नाही, लिहिणार काय कपाळ.

गोदाकाठ_ताई
रोज सगळं लिहायचं नाहीये हो. मी प्राथमिकला शिकवते, मी असं करते की किरकोळ गोष्टीला, म्हणजे जागेवरून उठला, मध्येच ओरडला, टाचणाच्या (पाठाच्या तयारीच्या वहीच्या) कोपऱ्यात नुसती रेघ मारते तासाप्रमाणे. मारामारी किंवा तास थांबला असं काही झालं तरच मोठी नोंद. दोनेक आठवडे पुरे होतात, जन्मभर नाही लिहीत बसायचं. आणि जो तास नीट गेला तो पण लिहायचा, त्याशिवाय तुलनाच होत नाही.

टाचणवही सरांच्या नमुन्यात दाराजवळ गेला आणि शांत झाला असं आहे ना, मला ते वाचून वाटतं की त्याला वर्गातून सुटायचंच होतं आणि आपण ते करून दिलं. मग तो परत का नाही करणार? अशा वेळी शिक्षा हेच बक्षीस होऊन बसतं.

दुसरं म्हणजे बाहेर उभं करणं जपून. शिक्षणहक्क कायदा 2009 चं कलम 17, मारणं तर नाहीच पण मानसिक त्रास पण नाही, आणि पोरगं तासन् तास दाराबाहेर असेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. कलम 16 मुळे आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता पण येत नाही, त्यामुळे "दाखला हातात देऊ" ही धमकी पालकाला कायदा माहीत नसेल तोवरच चालते.

आई_नाशिकरोड
मी शिक्षिका नाही, पालक आहे, पण लिहिते. माझ्या मुलाच्या अशा नोंदी एका शाळेत ठेवल्या होत्या आणि पालकसभेत सगळ्यांसमोर वाचल्या. वही चांगली जाडजूड झाली तोवर मला एक फोन नाही. त्या दिवशी मी काय ऐकणार होते, मी फक्त भांडले. तुम्ही कृपया पहिल्या दोन-तीन नोंदींनाच घरी फोन करा, आणि सभेत नको, वेगळं बोलवा. वहीत दुसऱ्या मुलांची नावं असतील तर ती दाखवू नका, नाहीतर उद्या त्या घरी भांडण जातं. आणि त्या पानाचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर कोणी टाकू नये, हे पण हल्ली सांगावं लागतं.

द्राक्षबाग_गुरुजी
दिंडोरीकडे असतो. तारीख आणि तास लिहायचा फायदा आम्हाला वेगळाच दिसला. आमच्या नोंदी गोडी छाटणीच्या, म्हणजे दिवाळीच्या आसपासच्या द्राक्षछाटणीच्या दिवसात एकदम वाढतात आणि त्या पण पहिल्या दोन तासात. आई-बाप पहाटेच बागेत गेलेले असतात, पोरगं धाकट्याला सांभाळून उपाशी शाळेत येतं. खिचडी पोटात गेली की तोच पोरगा सरळ. तुमच्याकडे अंबड, सातपूरच्या कारखान्यांच्या पाळ्या असतील, वडिलांची रात्रपाळी कोणत्या आठवड्यात असते तेवढं विचारून बघा.

सातवी_ब
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आठवून आठवून मोठे प्रसंग वेळापत्रकावर मांडले आणि जरा चरकलेच. मराठी, हिंदी, इतिहास, जिथे जिथे मी किंवा बाकीचे उभं करून वाचून घेतो तिथेच. गणिताच्या सरांना विचारलं तर म्हणाले तोंडी हिशोबात पहिला हात त्याचा, मला काही त्रास नाही. मग हे वाचनाचं काही असेल का? वहीत डिस्लेक्सिया असं लिहू का?

टाचणवही
नाही, ते अजिबात लिहू नका, निदान करणं आपलं काम नाही. लिहा की "मोठ्याने वाचताना ओळ सुटते, जोडाक्षराला थांबतो, अमुक शब्द अमुक असा वाचला". तेवढं घेऊन पालकांना भेटा आणि तपासणीचं सुचवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, रीतसर प्रमाणपत्र मिळालं तर पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांना त्यांना बोलवायला सांगा. वडिलांशी पण सुरुवात गणितापासून करा, दंग्यापासून नको.

आणि वहीचं म्हणाल तर ती कपाटात कुलपात. स्टाफरूमच्या टेबलावर नको, कॅटलॉगच्या (हजेरीपटाच्या) शेवटच्या पानावर तर मुळीच नको, तो दहा हातात फिरतो. कोणाला लागलं, रक्त आलं असं काही झालं तर वहीवर भागवू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना अर्ज आणि पोच घ्या, तारखेसकट.

गोदाकाठ_ताई
यात एक भर घालते. बोलता बोलता मुलाने घरी किंवा बाहेर कोणी नको तिथे हात लावतं असं काही सांगितलं तर तो विषय नोंदवहीचा राहत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापक बघू म्हणाले तरी. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 पण आहे.

मिसळ_पाव_खडू
मग मॅडम आता पाळीने वाचन बंद करणार का? बाकीच्या 63 चं काय?

सातवी_ब
बंद नाही, पण बाकाच्या ओळीने नाही घेणार, ज्याला वाचायचंय तो हात वर करेल. त्याला आदल्या दिवशी चार ओळी सांगून ठेवणार आणि तेवढ्याच वाचून घेणार, ते पण माझ्या टेबलापाशी. वडिलांना फोन केला होता, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर येतो म्हणालेत, गणिताच्या सरांना पण थांबवून घेतलंय.