बडोदे: एमजीबीचे मागचे पाटे बसलेत. कमान मारून घेऊ की नवे मागवू?

दांडियाबाजार_७१: मंडळी, काकांची १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश दोनसीटर) आता माझ्याकडे आली आहे. मागून उजवीकडे चक्क कलते. एकटा असलो तरी स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासतो, दोघं बसलो की खालून ठक्क! गोल्डन चोकडीजवळचा ट्रकचा पाटेवाला म्हणतो, "कमान मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." म्हणजे बसलेला पाटा (मागची पट्ट्यांची स्प्रिंग) ठोकून पुन्हा वाकवणार. देऊ का? पुढच्या कॉइल स्प्रिंगही बदलाव्यात?

सूती_पाना: आधी माप घ्या. सपाट फरशी, टायरमध्ये हवा सारखी, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. पुढे दोन्हीकडे सारखं आलं तर कॉइलना उगाच हात लावू नका. दाबून बसलेली कॉइल असते ती, जॅक सटकला तर हात जाईल.

लेथवाला_मकरपुरा: कमानीचा धडा मी घेतलाय, दुसऱ्या गाडीवर. पाटा लाल करून ठोकला की पोलादाचं पाणी उतरतं. दिवाळीला उचललेली गाडी होळीला परत खाली! नवेच घ्या, तेही जोडीने. मागवताना 'क्रोम बंपर, रोडस्टर' असं स्पष्ट लिहा. जीटीचे, म्हणजे बंद टपाच्या एमजीबीचे, पाटे जास्त कडक, आणि १९७४ च्या अखेरीस आलेल्या रबर बंपरवाल्या गाड्या इंचभर तरी उंच.

आजवा_रोड: मग उंचच बरे की! आपले स्पीडब्रेकर पाहता...

लेथवाला_मकरपुरा: अहो, अमेरिकेच्या नियमांपायी उंच केल्या त्या. वळणावर झुलतात म्हणून शिव्याही खाल्ल्या.

सूती_पाना: यू-बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळणारे), बुश (पाट्याच्या टोकांतले रबर) नवेच टाका. आणि पाट्याचा पुढचा बोल्ट व शॅकल (मागच्या टोकाची झुलती कडी) आधी नुसते हाताने लावायचे. गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चारदा दाबा, मगच आवळा. हवेत आवळले तर बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. इथे स्वतः उभे राहा, गॅरेजातला पोरगा जॅकवरच आवळून मोकळा होतो.

दांडियाबाजार_७१: मापलं. पुढे सारखं, मागे उजवीकडे दहा सूत, म्हणजे सव्वा इंच, कमी. खाली शिरून बॅटरी मारली तर उजव्या पाट्याची दुसरी पट्टी तडकलेली, भेगेत गंज. म्हणजे कमानीचा प्रश्नच मिटला. जोडी मागवली, तोवर गाडी शेडमध्ये. काकांना सांगितलं तर म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं एकटाच चालवली रे. तुझी काकू कधी बसलीच नाही त्यात."