आधी सिम बंद करा, हँडसेट नंतर

परदेशात फोन चोरीला गेला तर आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) ब्लॉक केला की बिलाची कटकट संपली, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवरून हँडसेट फक्त भारतातल्या नेटवर्कवर बंद होतो, तिकडच्या चोराला त्याचं काय? आणि बिल चढतं ते सिमवर. सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की झालं.

माझा मेहुणा टॉवेलचा धंदा करतो. दुबईत टॅक्सीतून उतरताना फोन गेला. पोस्टपेड, रोमिंग चालू. १९८ हा तक्रारीचा नंबर तिकडून लागेना आणि कंपनीचा लांबलचक नंबर सेव्ह केलेला कुठे, तर त्याच फोनात! ताई इथे कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात गेली तर म्हणे, "नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच आणा." आता दुबईतून कसा आणायचा? शेवटी तिने जुन्या बिलावरचा नंबर वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्याने हॉटेलच्या फोनवरून सिम बंद करवलं. यात पाच तास गेले. तक्रारीआधीचे ११,००० भरावेच लागले. नंतरचे दोन कॉल मात्र तक्रार क्रमांक आणि वेळ दाखवल्यावर वजा झाले, तेही तीन चकरा मारून.

आता निघण्याआधी तो सिमलाच पिन लावतो. दुसऱ्या फोनात घातलं तरी पिन मागतं, तीनदा चुकलं की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड.