'सालो' (1975): बीएफआय की क्रायटेरियन? लांबी, रंग आणि ते 25 सेकंद

तिसरी_घंटा

इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या 'सालो'ची एकच प्रत कायमची ठेवायची आहे. समोर चार पर्याय आहेत: अमेरिकन प्रकाशक क्रायटेरियनची 1998ची डीव्हीडी (मालिकेतला क्रमांक 17), ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे बीएफआयची जुनी पाल (युरोपीय टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी, बीएफआयचं 2008चं ब्लू-रे आणि क्रायटेरियनचं 2011चं ब्लू-रे. तीन गोष्टींचा उलगडा होत नाहीये.

1. पाल डीव्हीडीची लांबी 112 मिनिटांच्या आसपास, ब्लू-रेची 116-117. म्हणजे जवळपास पाच मिनिटं कापलीत का?
2. वेगवेगळ्या प्रतींचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की एक हिरवट दिसतो, दुसरा तांबूस. मूळ रंग कोणता मानायचा?
3. कुठलीही प्रत लावा, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आवाजाचा डिले (उशीर) मागेपुढे करूनही फरक पडत नाही.

फिरतं_रीळ

लांबीचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, पाल डीव्हीडी 25 चालवते. म्हणजे सगळं 4 टक्क्यांनी लवकर आटपतं. पालची लांबी 25/24 ने, म्हणजे 1.0417 ने गुणा: 112 मिनिटांची 116 मिनिटं 40 सेकंद होतात. कापाकापी झालेली नाही. एनटीएससी (अमेरिकी पद्धतीच्या) डीव्हीडीत फ्रेम पुन्हा दाखवून वेळ जमवतात, त्यामुळे तिथे मूळ लांबी तशीच राहते.

पालमध्ये आवाजही चढतो, अर्ध्या स्वराहून जरासा कमी. पियानोचे प्रसंग कान देऊन ऐकलेत तर लगेच कळेल. संगणकावर वेग 0.96 करून मूळ चाल परत आणता येते, पण प्लेअरमधलं 'पिच करेक्शन' आधी बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो आणि पट्टी चढलेलीच राहते.

खरा फरक 25 सेकंदांचा आहे. पहिल्या लग्नाच्या प्रसंगात चौघा सत्ताधीशांपैकी एक जण जर्मन कवी गॉटफ्रीड बेनची कविता म्हणतो. बहुतेक प्रिंटमध्ये हा तुकडा नसतो. बीएफआयच्या आवृत्तीत आहे. वेष्टनावरच्या मिनिटांवरून हा शोध लागणार नाही, कारण सुरुवातीचे लोगो आणि रिस्टोरेशनच्या पाट्या यांतच 20-30 सेकंद इकडचे तिकडे होतात. सरळ लग्नाचा प्रसंग लावा आणि कविता ऐकू येते का ते पाहा.

सोळा_नऊ

रंगाबद्दल. स्क्रीनशॉटवर वाद घालण्याआधी स्क्रीनशॉटच बरोबर आहे का ते तपासा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

डीव्हीडीचे रंग 601 मॅट्रिक्सने (साठवलेल्या आकड्यांतून रंग काढण्याच्या सूत्राने) बांधलेले असतात, ब्लू-रेचे 709 ने. डीव्हीडीचं चित्र मोठं करून त्याचा स्क्रीनशॉट घेताना सॉफ्टवेअरने 709 धरलं तर लाल आणि हिरवा दोन्ही सरकतात. कातडीच्या रंगात हे लगेच डोळ्यांवर येतं. पण करडा, पांढरा, काळा या रंगांना मॅट्रिक्सची चूक बाधत नाही. म्हणून कसोटी चेहऱ्यावर लावू नका, पांढऱ्या शर्टावर किंवा भिंतीवर लावा. पांढरं हिरवट दिसलं तर झाक त्या ट्रान्सफरचीच, म्हणजे फिल्म डिस्कवर उतरवतानाचीच आहे. पांढरं पांढरं आणि चेहरे तेवढे विचित्र, तर संशय मॅट्रिक्सवर घ्या.

दुसरी खूण वर-खालच्या काळ्या पट्ट्यांची. त्या फिल्मवर नव्हत्या, डिस्क बनवताना आल्या, त्यामुळे आरजीबीत (लाल-हिरवा-निळा) त्यांचा आकडा 0-0-0 च हवा. 16-16-16 आला तर काळ्या-पांढऱ्याच्या लेव्हल चुकल्यात आणि तो स्क्रीनशॉट धुरकटच दिसणार. पट्ट्यांनाच रंग चढलेला दिसला तर तो स्क्रीनशॉट सोडून द्या. आणि पीएनजीमध्येच साठवा. जेपीजीत रंगाचं तपशील आधीच अर्धं होतं आणि ग्रेन (फिल्मचे बारीक कण) पुसला जातो.

एवढं सगळं गाळूनही 1998ची क्रायटेरियन डीव्हीडी हिरवटच निघते. शिवाय ती अ‍ॅनामॉर्फिक नाही, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून पूर्ण उंचीत साठवलेलं नाही. 480 ओळींपैकी 1.85:1 च्या चित्राला जेमतेम 346 मिळतात. अ‍ॅनामॉर्फिक पालमध्ये 553, ब्लू-रेत 1038. सुरुवातीच्या नामावलीत पासोलिनीने चक्क वाचनयादी दिली आहे: बार्थ, ब्लाँशो, बोव्हार, क्लोसोव्स्की, सोलेर्स. ती बारीक अक्षरं 346 ओळींत कडेला विरघळतात.

तीक्ष्णपणा तपासायला शेवटचा दुर्बिणीचा भाग घ्या. चित्राभोवती गोल काळी कड आहे. त्या कडेच्या आत पांढरी रेघ उमटली असेल तर कृत्रिम शार्पनिंग केलंय. मूळ फिल्मवर अशी रेघ नसते, तिथे कड किंचित मऊ असते आणि ग्रेन कडेपर्यंत सलग जातो.

तिसरी_घंटा

पट्ट्यांची कसोटी लावून पाहिली. तांबूस स्क्रीनशॉटमध्ये पट्ट्या 16-16-16 आल्या आणि पांढरे शर्ट पांढरेच आहेत. म्हणजे तो चुकीचा घेतला गेलाय. हिरवट स्क्रीनशॉट 1998च्या डीव्हीडीचा होता, तिथे पट्ट्या शुद्ध काळ्या आणि शर्ट हिरवे. आता ओठांचं?

काळोखातला_प्रेक्षक

ते जुळणार नाहीत, आणि जुळवूही नका. त्या काळी इटलीत आवाज बहुतेक नंतर भरायचे, आणि पासोलिनी तर एकाच्या चेहऱ्यावर जाणूनबुजून दुसऱ्याचा आवाज ठेवायचा. 'सालो'त आल्दो वालेत्तीला दिग्दर्शक मार्को बेलोक्कियोचा आवाज आहे, जॉर्जो कातालदीला कवी जॉर्जो काप्रोनीचा, आणि एलेन सुर्जेर फ्रेंच असल्यामुळे तिच्या तोंडी लाउरा बेत्ती बोलते. चेहरा आणि आवाज यांतली ती फट सिनेमाच्या बांधणीतच आहे.

खरा डिले ओळखायचा असेल तर चूक सगळीकडे सारखी आहे का ते बघा. दार आपटणं, टाळी, पावलं, सगळं तेवढ्याच मिलिसेकंदांनी मागे असेल तर दोष तुमच्या टीव्हीचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा. माणसागणिक चूक बदलत असेल तर ते डबिंग. मग डिले शून्यावर आणा आणि इटालियन ट्रॅक लावा. क्रायटेरियनच्या ब्लू-रेवर इंग्रजी डबही आहे, पण त्यात हे निवडलेले आवाजच नाहीसे होतात, म्हणून पहिल्यांदा पाहताना तो नकोच.

फिरतं_रीळ

आता निवड. एकच ठेवायची तर बीएफआयचं ब्लू-रे, त्या 25 सेकंदांसाठी. माझ्या मते पूरक साहित्यातही ते मागे नाही: पासोलिनीवरचा 'हूएव्हर सेज द ट्रुथ शॅल डाय' (1981) त्यातच आहे. क्रायटेरियनच्या ब्लू-रेवर 33 मिनिटांचा 'सालो: यस्टरडे अँड टुडे', 40 मिनिटांचा 'द एंड ऑफ सालो', कलादिग्दर्शक दान्ते फेरेत्तीची मुलाखत आणि लेखांची जाड पुस्तिका आहे. 23 मिनिटांचा 'फेड टू ब्लॅक' दोन्हीकडे आहे, त्यामुळे तो हिशेबात धरू नका. क्रायटेरियनचं ब्लू-रे रीजन 'ए'ला (अमेरिका आणि पूर्व आशियाच्या विभागाला) बांधलेलं आहे, तेव्हा प्लेअर आधी तपासा.

या सिनेमाचं पूरक साहित्य शोभेपुरतं नाही. ऑस्ट्रेलियात 1998 पासून बंदी होती, आणि 2010 मध्ये तिथल्या मंडळाने डीव्हीडीला परवानगी दिली ती 176 मिनिटांचं संदर्भ देणारं साहित्य सोबत होतं म्हणून. मुख्य डिस्क सुटी मिळत असली तरी घेऊ नका.

एक लक्षात असू द्या. इटलीतल्या चिनेतेका दि बोलोन्या या फिल्म संग्रहालयाच्या सहभागाने झालेलं रिस्टोरेशन 2015चं आहे, त्याला त्या वर्षी व्हेनिसमध्ये पुनर्स्थापित चित्रपटांचा पुरस्कारही मिळाला. तुमच्या यादीतल्या चारही प्रती त्याआधीच्या. कुठल्याही विक्रेत्याने त्यांवर 'नवं रिस्टोरेशन' लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका.

सोळा_नऊ

1998ची प्रत कुणी 'दुर्मीळ' म्हणून देऊ केली तर जपून. हक्कांच्या वादात ती बाजारातून गेली, भाव चढले आणि नकला निघाल्या. डिस्क उलटी करून दिव्याखाली धरा. साच्यातून काढलेली डिस्क चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसते, घरी लिहिलेली जांभळट. मग मधल्या भोकाभोवतीचं कडं भिंगातून पाहा: 'आयएफपीआय' (IFPI, डिस्क कारखान्याची ओळखखूण) आणि पुढे आकडे-अक्षरं कोरलेली सापडली पाहिजेत, बहुधा दोन ठिकाणी, एक आरशासारख्या पट्टीवर आणि एक पारदर्शक प्लास्टिकवर. विक्रेत्याकडून वेष्टनाचा नको, या कड्याचाच फोटो मागा.