मदत हवी आहे: छोट्यांच्या संगीत वर्गात वाचून दाखवायला मराठी पुस्तकं (वय अडीच ते पाच)

नमस्कार मंडळी, मी भुसावळला घरीच लहान मुलांचा संगीताचा वर्ग घेते, अडीच ते पाच वर्षांची पोरं, सोबत आई नाहीतर आजी बसलेली असते. सारेगम घोकून घेणं वगैरे काही नाही, टाळ्या, चालणं-थांबणं, मोठा आवाज-बारीक आवाज, खुळखुळे, खंजिरी, चिपळ्या एवढंच, पण प्रत्येक वर्गात एक पुस्तक वाचायचंच असा माझा आग्रह आहे. नुसती वाद्यं हातात दिली की थोड्याच वेळात गोंगाट होतो, पण गोष्ट चालू असली की तीच पोरं खुळखुळा धरून आपली जागा यायची वाट बघतात, आणि वाट बघून नेमकं जागेवर वाजवणं हीच तर या वयातली खरी तालीम.

अडचण पुस्तकांचीच आहे. संगीतावरची पुस्तकं मिळतात हो, हा तबला, ही सतार, ही बासरी. चित्रं बघायला ठीक, पण वाचताना त्यात काही घडत नाही. मला हवीत ती अशी, की संगीताचं नावही नसलं तरी चालेल पण मजकूर तालात चालला पाहिजे. एखादी ओळ दर पानाला परत यावी आणि तिसऱ्या पानापर्यंत पोरांनी ती माझ्या आधी म्हणावी. दुकानात पुस्तक हातात आलं की मी मांडीवर केरव्याचा ठेका धरून मनात वाचून बघते, आठ मात्रांत ओळ आपसूक बसली तर घेते, ओढूनताणून बसवावी लागली तर ठेवून देते. भाषांतरित पुस्तकं बरीचशी इथेच मार खातात. चित्रं सुरेख, गोष्ट गोड, पण ओळ येते "आणि त्यानंतर तो तिथून निघून गेला". आता हे तीन वर्षांच्या पोराने टाळी देत कसं म्हणायचं सांगा. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ लहान मुलांना संगीत शिकवताना बोलण्याच्या लयीपासूनच सुरुवात करायचा, हंगेरीचा संगीतकार कोदाय तर म्हणायचा की मुलाची सुरुवात त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांनी व्हावी, हे वाचून मला पटलेलं आहे, पण ते करायला हाताशी मराठी पुस्तक तर हवं ना.

एक उदाहरण देते म्हणजे मला काय हवंय ते कळेल. आमच्या वर्गात बऱ्याच जणांच्या घरी कोणी ना कोणी रेल्वेत आहे. एकदा आगगाडीची गोष्ट वाचत होते, पुस्तकात "झुकझुक" लिहिलेलं. एक पोरगा म्हणाला गाडी अशी वाजतच नाही, आणि त्याने दोन्ही हातांनी फरशीवर वाजवून दाखवलं, खडाक्-खडाक्, मग जरा जागा सोडून परत खडाक्-खडाक्. सगळ्यांनी तेच धरलं, स्टेशन आलं की हळूहळू कमी, सुटली की परत वेग, पान उलटताना सगळे गप्प. लय वाढवणं-कमी करणं मला वेगळं शिकवावंच लागलं नाही. पुस्तक मिटलं तर अहिराणी घरातला एक छोटू ओरडला, "आखो!" म्हणजे आणखी! असं परत-परत मागावं वाटेल असं पुस्तक हवंय.

इथल्या दुकानांत गाईडं आणि व्यवसायमाला भरपूर, छोट्यांसाठी म्हणाल तर इंग्रजी बडबडगीतं नाहीतर बटण दाबून गाणी वाजणारी पुस्तकं. ती मला अजिबात नकोत, पुस्तकच गायला लागलं की पोरं ऐकत बसतात. तात्पर्य सांगणारी पण नकोत. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची काही मागवली आहेत, चांगली आहेत, पण त्यात पालुपद असलेली कोणती हे ऑनलाइन मुखपृष्ठावरून कळत नाही, म्हणून ज्यांनी स्वतः मोठ्याने वाचून बघितलीत त्यांनीच सांगा. शिवाय वर्गात लेवा बोली, अहिराणी, हिंदी सगळ्या घरांतली मुलं आहेत, तर आपल्या बोलीतलं छोट्यांचं काही माहीत असेल तर फारच बरं. बहिणाबाई मला प्राणप्रिय आहेत, पण पूर्ण कविता या वयाला झेपत नाही, दोन ओळी मी गाते तेवढ्याच.

प्रतिसाद (धुळ्याहून)

ताई, स्टोरीवीव्हर ही गोष्टींच्या पुस्तकांची वेबसाइट बघितली का? प्रथम बुक्सची आहे, 2015 पासून चालू, भाषा मराठी आणि पातळी 1 निवडा, त्यात शब्द कमी आणि तेच तेच शब्द परत येतात. पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात आणि लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव देऊन तुम्ही मजकूर बदलू पण शकता. लय बसत नसेल तर ओळ तुम्हीच केरव्यात बसवा, किंवा सरळ अहिराणीत करा! मी अंगणवाडीत हेच करते. ए-थ्री कागदावर कलर प्रिंट काढा, मागच्या पोराला पण चित्र दिसलं पाहिजे. फक्त चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा उजेड पानावर पडतो आणि अर्ध्या मुलांना नुसता पांढरा पट्टा दिसतो, मग ती उठून पुढे येतात आणि सगळी बैठक मोडते. जाड कार्डपेपर घ्या आणि स्पायरल करा.

प्रतिसाद (माहेर जळगाव, आता पुण्यात)

भुलाबाईची गाणी विसरलात का? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत टिपऱ्या घेऊन म्हणायचो आपण. कितीतरी साखळीचीच आहेत, बी पेरलं, मग वेल आला, मग फूल आलं, दर कडव्याला एक पायरी वाढते आणि पालुपद तेच. एका पायरीला एक पान असं स्वतः चित्र काढून पुस्तक करा. आणि शेवटी खाऊ ओळखायचा! डबा कानाशी हलवायचा, शेंगदाणे वाजले की फुटाणे की मुरमुरे. आवाज ओळखण्याचा याहून चांगला खेळ कुठल्या पुस्तकात मिळणार.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. डब्याचा खेळ याच आठवड्यात घेते. साखळी गाण्यांचं पुस्तक पण करते, फक्त सासू-सुनेचा जाच त्यातून काढून टाकणार, माहेरी जायला परवानगी मागणारी सून या पोरांपुढे नको, त्या जागी बाजाराला निघालेलं पोर आणि त्याला थांबवणारी आजी घालते, पायऱ्या त्याच राहतील. स्टोरीवीव्हरवर रात्री बसून मोठ्याने वाचून बघितलं, पावसाच्या आणि प्राण्यांच्या गोष्टींत दोन-तीन चांगल्या सापडल्या, तिथे टपटप, गुरगुर असे आवाज मजकुरातच आहेत त्यामुळे वाद्यं वाटून देता येतात, एकाला थेंब, एकाला वाघ.

अहिराणीत करायचं मात्र एकटीने जमणार नाही, माझ्या घरची बोली लेवा. चाळीसगाव, पारोळा, साक्री, शिरपूरकडचं कोणी असेल तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणतात त्यातलं एखादं छोटं, परत-परत येणारी ओळ असलेलं गाणं इथे टाइप कराल का? अर्थ पण लिहा, आणि जमलं तर कुठल्या शब्दावर झोका पुढे जातो त्या शब्दाखाली रेघ मारा, म्हणजे पान कुठे उलटायचं ते मला ठरवता येईल.