बीपीची गोळी गड चढायच्या आधी की नंतर?

ए-३०२ काका: सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांना विचारतो. बीपीची गोळी चढायच्या आधी घेता का उतरल्यावर? आज खाली येऊन गाडीपाशी थांबलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. कट्टा धरून बसलो म्हणून पडलो नाही.

बी-१०४ काकू: अगं बाई! आता बरं आहे ना? आमचे हे नाष्ट्यानंतर घेतात. पण परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं होतं, गोळी रात्रीच घ्यायची, सकाळी घेतली तर अ‍ॅटॅक येतो म्हणून.

सी-२०१: काका, गडावर जायच्या दिवशी गोळी घेऊच नका. चालून बीपी उतरतंच की. माझा भाऊ रविवारी तसंच करतो.

डी-१०२ डॉक्टर वहिनी: कृपा करून हा सल्ला कुणी पाळू नका. भावालाही आज फोन करून सांगा. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोलसारखी नाडी संथ करणारी बीपीची गोळी अचानक तोडली तर नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात, आणि त्यात चढ चढायचा म्हणजे धोका.
काकू, तो मेसेज पुढे पाठवू नका. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर ‘टाइम’ नावाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गोळी सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे, दोघांत अ‍ॅटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण सारखंच निघालं.
काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?

ए-३०२ काका: टेल्मिसार्टन आणि लघवीची, एकत्र येते ती. सकाळी साडेपाचला. शिवाय प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रीची एक दिलीय, महिना झाला.

डी-१०२ डॉक्टर वहिनी: मला ती रात्रीचीच खटकतेय. प्रोस्टेटच्या बऱ्याच गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, त्यानं उभ्या उभ्या बीपी उतरतं. लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी कमी होतं, वर घाम. आणि चालल्यानंतर काही तास बीपी तसंही खालीच असतं. म्हणून चालता चालता गपकन थांबलात की रक्त पायांत साठतं आणि डोक्याला कमी पडतं. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. बीपी बसून, मग उभं राहून एक ते तीन मिनिटांत मोजायला सांगा. प्रोस्टेटवाल्या डॉक्टरांना बीपीच्या गोळ्या माहीत होत्या का, हेही विचारा.

सी-२०१: म्हणजे गोळीची वेळ तासभर मागंपुढं झाली तरी चालतं?

डी-१०२ डॉक्टर वहिनी: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन दिवसभर पुरतात, तासाभरानं काही बिघडत नाही. पण रोजची वेळ एकच धरा, आणि बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच.

बी-१०४ काकू: मग चालायला संध्याकाळ बरी का?

डी-१०२ डॉक्टर वहिनी: २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास झाला, त्यात संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांचं बीपी जास्त उतरलं. पण अभ्यास लहान होता. तुमचे हे सकाळी नेमानं जातात ना? मोडू नका.
उतरताना शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनीच संथ चाला. मेटोप्रोलोल घेणाऱ्यांनी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यामागं धावू नका, ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढं बघा. छातीत दुखलं, दम कोंडला तर तिथंच बसा आणि हाक मारा.
काका, डॉक्टरांना दाखवेपर्यंत गड नको. सपाटीवर, आणि एकटे नको.

ए-३०२ काका: दोन्ही फायली घेऊन उद्याच जातो.

सी-२०१: काका, मी येतो गाडी घेऊन. भावाला फोन केलाय, आजची गोळी घेतली त्यानं.